सील गळत नव्हतं

अहो,

परवा तुमची दशक्रिया झाली. प्रवरेच्या घाटावर माणूस मावत नव्हता. पुतण्याने पिंड मांडला आणि सगळे मागे सरून उभे राहिले. कावळा वेळ घेणार, असं तुमच्या भावकीने धरूनच ठेवलं होतं. तुमचा जीव बोटीत अडकलाय, हे सगळ्या देवळालीला माहीत. पुतण्या हात जोडून सांगायच्या तयारीत होता, की काका, बोटीची काळजी करू नका, आम्ही बघू. त्याच्या तोंडून शब्द निघायच्या आत कावळा आला, भाताला चोच लावली आणि गेला. मागे बायका एकमेकींना म्हणाल्या, पुण्यवान माणूस, काही इच्छा राहिली नाही बघा.

मी माझ्या भावाकडे, प्रकाशकडे बघितलं. तो चपला हातात घेऊन वाळूत उभा होता आणि भलतीकडे, पलीकडच्या उसाकडे बघत होता.

मग भाषणं झाली. शिस्तप्रिय म्हणाले तुम्हाला. नौदलात इंजिनरूममध्ये उमेद घालवलेला माणूस म्हणाले. स्पष्टवक्ते तर प्रत्येकाने म्हटलं. माणूस मेला की त्याच्या जिभेला लोक किती बरं नाव देतात. मला कुणी माईक दिला नाही आणि मीही मागितला नाही. तेराव्याची यादी करायची म्हणून आज सगळे देवळालीला गेलेत, सावेडीच्या या घरात मी एकटी आहे. तुम्हाला एकच विचारायचंय. खरंच काही राहिलं नव्हतं का तुमचं?

निवृत्त झाल्यावर माणसं शेतात बोअर घेतात, नाहीतर घरावर मजला चढवतात. तुम्ही शिडाची बोट आणलीत. मुंबईच्या कुठल्याशा क्लबने मोडीत काढलेली, रंग उडालेली. ट्रेलरवर घालून आणली तेव्हा राहुरीच्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर थांबवून लोक बघत होते. परवानग्यांसाठी हेलपाटे घातलेत, कुणाकुणाशी भांडलात आणि शेवटी मुळा धरणाच्या फुगवट्यावर ती पाण्यात सोडलीत. वारा असला की शीड, वारा पडला की पोटातलं छोटं डिझेल इंजिन. बसायच्या जागेची फळी उचलली की ते खाली दिसायचं, एखादं जनावर गोठ्यात बसावं तसं.

त्या पहिल्या हिवाळ्याबद्दल मी तुमची ऋणी आहे. हे खोटं नाही. लग्नानंतर निम्मं आयुष्य तुम्ही बंदरात आणि मी शाळेत, आणि तुम्ही सुट्टीवर आलात की घरात नुसती हुकमाची भाषा. पाण्यावर मात्र तुम्ही निराळे असायचात. एकदा शीड फुगल्यावर मला म्हणालात, "बघ." नुसतं बघ. हे आण, ते उचल, असं काही नाही. एवढं मोकळं पाणी, पलीकडे डोंगराची रेघ, आणि तुम्ही शेजारी गप्प. मला वाटलं, आता म्हातारपण बरं जाईल.

मग तुमचे हात थरथरायला लागले. आधी कपबशी वाजायची, मग शर्टाची बटणं लागेनात. डॉक्टरने कंपवात सांगितला. तुम्ही बाहेर पडलात आणि रिक्षात बसल्यावर मला बजावलंत, की हे कुणाला कळता कामा नये. जसं काही हात मी थरथरवत होते.

त्याच सुमारास इंजिनाचं मागचं, तेल अडवून धरणारं सील गेलं. जुनी बोट, जाणारच. ते बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स आणि फ्लायव्हील उतरवावं लागतं, ते तुमच्याच्याने होणार नव्हतं. म्हणून प्रकाशला बोलावलंत. सोनईत त्याचं गॅरेज. ट्रॅक्टरची, पाण्याच्या पंपाची इंजिनं उघडून उघडून त्याची बोटं कायमची काळी झालेली. माझ्यापेक्षा बराच लहान, आई गेल्यावर मी वाढवलेला. दाजींनी आपल्याला बोलावलं याचं त्याला इतकं अप्रूप, की गॅरेज बंद ठेवून तो आला. बोटीच्या पोटात वाकडातिकडा शिरून त्याने सील बसवलं. तुम्ही वर बसून त्याला बोलत होतात. तो प्रत्येक बोलण्याला "व्हय दाजी" म्हणत होता.

ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायचं काम राहिलं होतं. तेवढं मी करतो, म्हणालात. प्रकाशने फिल्टर घट्ट करायला हात पुढे केला तर तुम्ही त्याच्या मनगटावर चापट मारलीत. "त्याला हात लावायचा नाही. माझं काम आहे ते." तो हसला आणि बाजूला झाला. मी शेजारीच होते.

पुढे प्रकाशच्या पल्लवीचं लग्न ठरलं. आपल्याला मूल नाही, त्यामुळे पल्लवी दोन्ही घरची. व्याही मंडळी सोनईला आली तेव्हा प्रकाशने मोठ्या हौसेने त्यांना म्हटलं, आमच्या दाजींची शिडाची बोट हाय, चला दाखवतो. सगळे आले. व्याही, विहीणबाई, जावई, पल्लवी, प्रकाश आणि त्याची बायको सुनीता. तुम्हीही पांढरी टोपी घालून आला होतात. जाताना शीड होतं, सगळं छान चाललं होतं, विहीणबाई फोटो काढत होत्या. पाण्याच्या मध्यावर वारा पडला. तुम्ही इंजिन लावलं. थोड्या वेळाने ऑइल कमी झाल्याचा भोंगा वाजायला लागला आणि तुम्ही इंजिन बंद केलंत. फळी उचलली तर खाली काळं तेल साचलेलं. बोट आपोआप आडवी वळून वाहायला लागली. विहीणबाईंनी जावयाचा हात गच्च धरला.

घाबरायचं काही नव्हतं. वारा परत येणार होता, हे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही तेवढं सांगितलं असतंत तर पुरे होतं.

तुम्ही आत वाकून बघितलंत, मागच्या बाजूने तेल ठिबकत होतं. मग सरळ झालात आणि व्याह्यांकडे तोंड करून म्हणालात, "ह्यांनी बसवलेलं सील. तुम्ही ह्यांची मुलगी करून घेताय. ह्यांच्या हातचं काम आधी नीट बघून घ्या."

व्याही चांगला माणूस, तो पाण्याकडे बघायला लागला. प्रकाशच्या कानापर्यंत रक्त चढलेलं मला दिसत होतं. तो एवढंच म्हणाला, "दाजी, घरी बोलू आपन." तुम्हाला ते चाललं नाही. वाऱ्याची झुळूक आली, शीड भरलं, आणि तुम्ही बोट धक्क्याकडे न नेता जवळच्या उजाड काठाला लावलीत. कमरेएवढं पाणी होतं तिथे. तुम्ही प्रकाशला म्हणालात, "उतर."

त्याला वाटलं, बोट ढकलायची असेल. तो तसाच कपड्यांनिशी उतरला. तुम्ही म्हणालात, "चालत ये. तेवढंच वजन कमी."

सुनीताने चपला हातात घेतल्या, पदर खोचला आणि तीही पाण्यात उतरली. मी उठले तोवर तुम्ही शीड फिरवलं होतं, काठ सुटला होता. पल्लवी मागे वळून बघत होती. होणारा नवरा शेजारी, सासूसासरे समोर, आणि काठावर तिचे आईवडील भर उन्हात, बाभळीतून, ओल्या कपड्यांनी चाललेले. ती रडली नाही. तिने तुमच्याकडे परत कधी बघितलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं होतं का? तुमच्या शेवटच्या दर्शनाला आली तेव्हाही ती माझ्या गळ्यात पडली आणि तुमच्या पायाला हात लावून उठली. तोंडाकडे बघितलं नाही तिने.

त्या दिवसापासून आपलं भांडण सुरू झालं ते कधी संपलंच नाही. मी म्हणत होते, चूक झाली असेल त्याची, पण चारचौघांत, तेही त्याच्या व्याह्यांसमोर? तुम्ही म्हणत होतात, बोट पाण्याच्या मध्यावर बंद पडली तर जीव जातात, तिथे मेहुणा-बिहुणा कुणी नसतो. मी म्हणायची, जीव जाण्यासारखं काय होतं? तुम्ही म्हणायचात, तुला काय कळतंय.

पल्लवीचं लग्न मोडलं नाही, ते व्याह्यांच्या चांगुलपणामुळे. पण प्रकाशचं काहीतरी मोडलं. सुनीताने मला फोनवर सांगितलं, की बसवलेलं काम ते परत उघडून बघतात. गिऱ्हाईक ताटकळतं. रात्री उठून विचारतात, नट आवळला का गं मी?

लग्नाला तुम्ही येणार नव्हतात, ते मी धरून चालले होते. तेव्हा तुम्हाला हाताने जेवता येत नव्हतं. शेजारच्या काकूंना सांगून, मऊ खिचडी करून, डबा टेबलावर ठेवून मी एसटीने सोनईला गेले. मुक्काम करून दुसऱ्या दिवशी परत आले. काकू दारातच भेटल्या, म्हणाल्या, दार उघडलंच नाही हो त्यांनी, आतून म्हणाले, भूक नाही. आत तुम्ही खुर्चीत बसला होतात. डबा तसाच. दुधाचं पातेलं कलंडलेलं, शर्टाच्या पुढच्या बाजूला वाळलेलं दूध. म्हणजे प्रयत्न केला होतात, जमला नव्हता. तरी काकूंना दार उघडलं नव्हतंत. मला तसं बघायला मिळावं, म्हणून तुम्ही तसेच बसून राहिला होतात.

"झालं लग्न?" तुम्ही विचारलंत. "वाढ आता."

मी तुम्हाला पुसलं, शर्ट बदलला आणि भरवलं. तुम्ही अधाशासारखे जेवलात. त्या वेळी तुमची दया आली होती की चीड, ते मला आजही सांगता येत नाही. दोन्ही एकदमच असेल. भरवताना माझा हात मात्र हलत नव्हता.

दिवाळीनंतर तुम्हीच विषय काढलात. बोट पडून होती, तेल गळतच होतं, आणि दुसऱ्या कुठल्या मेकॅनिकला तुम्ही बोटीवर पाय ठेवू देणार नव्हतात. म्हणालात, "तू उतर आत. तुझे हात बारीक आहेत. तुझ्या डोळ्यांनी बघ तुझ्या भावाने काय केलंय ते." मी लगेच हो म्हटलं. तुम्हाला वाटलं, मी ऐकलं. मला बघायचंच होतं.

तुमच्याइतकं नीट शिकवणारा माणूस मी माझ्या सगळ्या नोकरीत बघितला नाही. आणि तुमच्याइतकं घालूनपाडून बोलणाराही. पहिल्या दिवशी नुसतं गळतंय काय ते ओळखायला लावलंत. पांढऱ्या फडक्यावर ते टिपायचं, बोटांत चोळायचं, वास घ्यायचा. डिझेल असेल तर पातळ आणि उग्र. थंड करायचं पाणी असेल तर फडक्यावर पसरून वाळून जाईल. गिअरबॉक्सचं तेल असेल तर लालसर. मी पहिल्यांदा डिझेल म्हटलं तर तुम्ही म्हणालात, "चाळीस वर्षं फोडण्या दिल्यास, नाकात काय भरलंय?" ते इंजिनाचं ऑइल होतं, काळं, वापरलेलं.

मग सगळं इंजिन पुसायला लावलंत. रॉकेलमध्ये भिजवलेला ब्रश, चिंध्या, फडकी. मी बोटीच्या पोटात आडवी, गुडघे पोटाशी, पाठीला लाकूड रुतलेलं, आणि वरून तुमचा आवाज. "तिथं नाही. खाली. तुला खाली कळतं का?" एकदा माझं बोट पत्र्याने कापलं. रक्त दाखवायला हात वर केला तर म्हणालात, तेलात रक्त मिसळू देऊ नकोस, रंग कळणार नाही. मी बोट तोंडात धरलं आणि दुसऱ्या हाताने पुसत राहिले.

इंजिन कोरडं झाल्यावर माझ्या पावडरचा डबा त्यावर उधळायला लावलात. तेल जिथून निघेल तिथे पांढऱ्यावर काळी रेघ उठणार. आणि तुम्हीच सांगितलंत, की शिडाच्या बोटीत इंजिन सपाट नसतं, मागे उतरतं बसवलेलं असतं. पुढे कुठेही पाझरलं तरी तेल काठाकाठाने मागे येतं आणि सीलखालीच ठिबकतं. म्हणून ठिबकतंय तिथे थांबायचं नाही, रेघ धरून वर जायचं. हे तुम्ही मला सांगितलंत. तुमच्या तोंडाने.

बोट धक्क्याला बांधलेली ठेवून इंजिन चालवलं. ते गरम झालं, बंद केलं, मी टॉर्च आणि माझा हातआरसा घेऊन आत गेले. सीलच्या भोवती पावडर होती तशी होती, पांढरी, कोरडी, देवळातल्या भिंतीसारखी. खालच्या काठावर मात्र काळी रेघ. मी आरसा सरकवत तिच्या मागे मागे गेले. ती पुढे, पुढे आणि मग वर गेली. फिल्टरपाशी संपली.

मी वर काहीच सांगितलं नाही. खाली भांडं धरून फिल्टर उलगडला. त्याला त्याची रबरी रिंग होती, नवी. मग इंजिनाच्या तोंडावरून बोट फिरवलं, तुम्ही शिकवलं होतं तसं, नव्या फिल्टरआधी बोट फिरवून बघायचंच. तिथे दुसरी रिंग होती. जुन्या फिल्टरची, इंजिनाला चिकटून राहिलेली, काळ्यावर काळी. तिच्यावरच तुम्ही नवा फिल्टर आवळला होतात. रबरावर रबर बसत नाही, सरकतं. कधी थेंब थेंब, आणि इंजिन तापलं की भडाभडा.

मी नखाने ती सोडवली आणि वर येऊन तुमच्या मांडीवर ठेवली.

तुम्ही बराच वेळ तिच्याकडे बघत होतात. मांडीवरचे हात थरथरत होते, त्यामुळे रिंगही थरथरत होती. मला वाटलं, आता हा माणूस रडेल. मी तयार होते, अहो. तुम्ही काहीही बोलला असतात, तरी मी तुम्हाला जवळ घेतलं असतं. माझ्या हातांना कळत नाही आता, एवढं म्हणाला असतात तरी.

तुम्ही रिंग उचललीत आणि पाण्यात टाकलीत.

"हे प्रकाशला सांगायचं नाही," म्हणालात.

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

तुम्ही म्हणालात, "फिल्टर बसव. किती वेळ उघडा ठेवणार आहेस?"

मी फिल्टर बसवला. ऑइल भरलं, इंजिन परत चालवलं. एक थेंब पडला नाही. तुम्ही वाकून स्वतः बघितलंत आणि मान हलवलीत. माझा प्रश्न तिथेच राहिला. इंजिन मागे उतरतं असतं हे तुम्हाला नोकरीला लागल्यापासून माहीत, तर त्या दिवशी फळी उचलल्यावर तुम्ही रेघ धरून वर का गेला नाहीत? डोळ्यांना दिसलं नाही, की बघायचं नव्हतं? बोटीवर तेवढ्या माणसांत एक माणूस असा होता ज्याचे हात चुकू शकत होते, आणि तो प्रकाश नव्हता. हे तुम्हाला कळलं म्हणून तुम्ही त्याला पाण्यात उतरवलंत, असं मी धरून चालले आहे. खोटं असेल तर आता सांगा.

दुसऱ्याच दिवशी मी सोनईला गेले. तुम्हाला न सांगता नव्हे, सांगून गेले. "प्रकाशला सांगायला चाललेय," म्हटलं. तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवायला लावलात.

प्रकाश गॅरेजमध्ये एक पंप उघडून बसला होता. मी सगळं सांगितलं, पावडर, रेघ, रिंग. मला वाटलं होतं, तो उठेल, सुनीताला हाक मारेल. तो खाली बघून नट पुसत राहिला. मग विचारलं, "दाजी काय म्हनले?"

"काही नाही."

"काहीच न्हाई?"

मी रिंगेचं सांगितलं, पाण्यात टाकल्याचं. त्याने मान डोलावली. "हात लई हलतात का गं त्यांचे आता?" एवढं विचारलं आणि परत पंपाकडे वळला. मला तेव्हा तुमचा जेवढा राग आला तेवढा त्या उजाड काठावरही आला नव्हता. कारण खरं काय ते कळूनही त्याचं काही भरून आलं नाही. त्याला ते तुमच्याकडून हवं होतं.

शेवटी दवाखान्यात तुमचा आवाज गेला, घशातून नुसती हवा यायची. प्रकाश आला, न बोलावता. रोज सोनईहून यायचा. मला घरी पाठवायचा आणि तुम्हाला भरवायचा. त्याची ती काळी बोटं आणि स्टीलचा चमचा, दलियाचा एक थेंब सांडू द्यायचा नाही. नर्स म्हणाली, मुलगा फार करतो हो तुमचा. मी तिला काही सांगितलं नाही.

एका दुपारी तुम्ही त्याला बोटाने जवळ बोलावलंत. मी पलीकडे होते. त्याने चमचा खाली ठेवला, तोंड पुसलं, का कोण जाणे केसांवरून हात फिरवला, आणि तुमच्या तोंडाशी कान नेला. तुमचे ओठ हलले. तो तसाच वाकून राहिला. मग तो उठला आणि खिडकी लावून आला.

बाहेर व्हरांड्यात मी त्याला विचारलं, काय म्हणाले? तो म्हणाला, "वारा लागतोय, खिडकी लाव, म्हनले." आणि भिंतीला टेकून खाली बसला. हसत होता आधी. मग त्याने तोंडावर रुमाल धरला.

त्यानंतर तुम्ही कुणाशीच बोलला नाहीत. आठवडा सरायच्या आत गेलात. तुमच्या आयुष्यातलं शेवटचं वाक्य खिडकीबद्दल होतं, आणि ते ज्याच्याशी बोललात त्याने ते लगेच ऐकलं.

हे सगळं मी कडू होऊन लिहितेय, मला कळतंय. लोक म्हणतील, माणूस जाऊन तेरा दिवस झाले नाहीत आणि ही काय बोलतेय. पण गोड बोलायला परवा पुष्कळ जण होते. आणि तुम्ही माझं ऐकून घेताय असं आयुष्यात पहिल्यांदाच होतंय.

काल सकाळी धरणावरून फोन आला. कालव्याला आवर्तन सुटलंय, पाणी रोज मागे सरकतंय, बोट चिखलात बसायच्या आधी आत खोल पाण्यात न्या म्हणाले. तेरावं व्हायचंय, सुतक आहे, पण पाणी थांबत नाही. मी प्रकाशला बोलावलं. धक्क्यावर तो म्हणाला, "ताई, ह्या इंजिनाला मी हात न्हाई लावनार. बॅटरी धरतो मी." मी आग्रह केला नाही. फळी उचलून आत उतरले. ऑइलची कांडी पुसली, बुडवली, बघितली. डिझेलची नळी चाचपायची होती. प्रकाशने टॉर्च धरला होता, पण त्याचं लक्ष पाण्याकडे गेलं असावं, उजेड हलला आणि नळी अंधारात गेली.

"डोळे घरी ठेवून आलायस का?" मी ओरडले. "साधा उजेड धरता येत नाही तुला?"

तो दचकला. उजेड मुकाट्याने जागेवर आला. मी वर बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. आवाज माझाच होता, शब्दही मलाच सुचले होते, पण चढ तुमचा होता. इतके दिवस त्या पोटात आडवी पडून मी तुमच्याकडून फक्त इंजिनच शिकले असं समजत होते.

मी हातातलं फडकं खाली ठेवलं. "चुकलं माझं, प्रकाश," म्हटलं.

त्याने टॉर्च या हातातून त्या हातात घेतला. मग "बरं" म्हणाला.

एवढंच. आभाळ कोसळलं नाही, माझी मान खाली गेली नाही, बोट होती तिथेच होती. किती सोपं होतं हो ते. मी परत आत वाकले, नळी बघितली, वर येऊन चावी फिरवली, आणि इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं.